रोजच्या धीराचे वचन : मराठी ख्रिस्ती मननपरंपरेची पार्श्वभूमी

सकाळी मोबाईलवर येणारे बायबलमधील एखादे वचन, त्याखाली चार-सहा ओळींचे मनन आणि शेवटी छोटीशी प्रार्थना, हा आज अनेक मराठी ख्रिस्ती घरांमधला नित्याचा भाग झाला आहे. माध्यम नवे असले तरी प्रकार जुना आहे, आणि त्याच्यामागे चारशे वर्षांचा मराठी इतिहास उभा आहे. हा इतिहास पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. मराठी ख्रिस्ती लेखनात धीर देणारा सूर पहिल्यापासून सारखाच ठळक नव्हता. माणसे जेव्हा जेव्हा आपल्या गोतावळ्यापासून तुटली, तेव्हा तेव्हा तो उमटला, आणि बहुतेक वेळा तो प्रवचनातून न उमटता गाण्यातून उमटला.

या परंपरेचे पहिले मोठे उदाहरण गोव्यातले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मधील मृत्यूपर्यंत, तिथेच राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. या ग्रंथाचे भाषावैभव पुष्कळांनी वाखाणले आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची सुरुवात अधिक बोलकी आहे. गोव्यातल्या साष्टी भागातला एक नवदीक्षित ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला आणि ऐकायला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न धर्मतत्त्वाचा नाही. रिकाम्या वेळी मनाला आधार कशाचा, चार माणसे एकत्र बसली की वाचायचे काय, असा तो अगदी घरगुती प्रश्न आहे. राज्यसत्तेच्या दडपणाखाली ज्यांची देवळे आणि पोथ्या गेल्या, त्यांच्या मनातली पोकळी या प्रश्नात स्पष्ट दिसते, आणि स्टीफन्सने ती झाकलेली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. त्याने उत्तर दिले तेही ओवीत, म्हणजे श्रोत्यांच्या कानांना सवयीच्या छंदात.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि गोव्यातील ही धारा क्षीण झाली. तरी ख्रिस्तपुराणाची हस्तलिखिते किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती कुटुंबांत टिकून राहिली आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

दुसरा प्रवाह मुंबई आणि अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. त्या काळातील मिशनरी लेखन मुख्यतः वादाचे होते. मूर्तिपूजा, पुराणकथा आणि जातिभेद यांवर टीका, तिला हिंदू पक्षाकडून उत्तरे, पुन्हा प्रत्युत्तरे, असा तो मामला होता. आज तो मजकूर वाचताना एक उणीव लगेच डोळ्यांत भरते : ज्याने बाप्तिस्मा घेतला आणि ज्याला दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी भरू दिले गेले नाही, त्याच्याशी बोलणारे त्यात फार थोडे आहे. लेखणीचे तोंड बाहेरच्या वाचकाकडे होते. घरातल्या माणसासाठी लिहिणारे लेखक तयार व्हायला स्वतः त्या अवस्थेतून गेलेली एक पिढी जावी लागली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे त्या पिढीतले पहिले महत्त्वाचे नाव. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी आणि विधवांच्या स्थितीचे चित्रण म्हणून तिची चर्चा नेहमी होते. तिच्यातला दुसरा धागा मात्र सहसा कोणी उचलत नाही. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी हिंदू घरात सून म्हणून राहते, मनातल्या मनात प्रार्थना करते आणि प्रवासात भेटणाऱ्या दुःखी स्त्रियांचे ऐकून घेते. उघडपणे काही करता येत नसताना श्रद्धा दैनंदिन वागण्यात कशी टिकवायची, हा त्या पात्रापुढचा प्रश्न आहे, आणि त्या काळच्या अनेक वाचकांचा तो स्वतःचा प्रश्न होता.

याच सुमारास अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजू लागले. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांच्या तोंडी बसणे अवघड होते. उलट टाळ, मृदंग आणि एकतारी ही त्यांच्या अंगवळणी पडलेली वाद्ये होती, आणि त्यांच्यातले कितीतरी जण मुळातच गाणारे-वाजवणारे होते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या पाळकांनी देशी चालींवर गीते रचली आणि कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या साच्यात येशूच्या जीवनातील प्रसंग सांगितले. काही मिशनऱ्यांना हा प्रकार धोक्याचा वाटत असे, कारण चालीबरोबर जुनी भक्तीही आत येईल, अशी त्यांना शंका होती. ती शंका अगदीच निराधार नव्हती, एवढे म्हणता येईल; पण जे आत आले त्यामुळेच ही गीते शेतात, चुलीपुढे आणि आजाऱ्याच्या उशाशी गायली गेली.

नारायण वामन टिळक यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबातील या घटनेने घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्यांबरोबर राहिल्या आणि पुढची काही वर्षे पती-पत्नींचा संसार तुटल्यासारखा झाला. नंतर त्या अहमदनगरला आल्या, तेव्हाही सुरुवातीला त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीच जातीचा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला होता. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा बदल सांगितला आहे तो कोणत्याही उपदेशाचा आधार न घेता. जात देवाने केली की माणसाने, असा विचार करता करता त्यांची खात्री पटली आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय झाला. श्रद्धेतील एवढे मोठे स्थित्यंतर पाण्याच्या तांब्याशी आणि चुलीशी जोडून सांगणे, हे मराठी ख्रिस्ती मननाला लक्ष्मीबाईंनी दिलेले सर्वांत मोठे देणे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टिळकांनी स्वतः संतांच्या अभंगांशी असलेले नाते कधी तोडले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि वादासाठी जन्मलेल्या या पत्राला त्यांच्या काळात भक्तीचा आणि कवितेचा ओलावा आला. त्यांची पदे आणि भजने 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाचा मोठा भाग आहेत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली, सखा, गुरू म्हणून येतो. तक्रार, रुसवा आणि लाडिक हट्ट यांनाही तिथे जागा आहे. ही मोकळीक महत्त्वाची, कारण दुःखात सापडलेल्या माणसाला आधी तक्रार करू द्यावी लागते, सांत्वन त्यानंतरचे. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी कल्पना होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. येशूच्या जीवनावरचे त्यांचे अपुरे राहिलेले काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने त्याच्या सुमारे दहा अध्यायांवर साठांहून अधिक अध्यायांची भर घातली.

पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला मुक्ती सदन उभे केले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीचे वर्णन जगभरच्या ख्रिस्ती ग्रंथांत सापडते. मोठ्याने केलेल्या प्रार्थना, अश्रू, रात्रीच्या रात्री चाललेल्या सभा यांवरच बहुतेकांचे लक्ष जाते. मात्र त्या वर्षाच्या जानेवारीपासूनच मुलींचा एक गट रोज ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसत होता, आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात त्याच मुली विणकाम, गोठा, घाणा, छापखाना आणि स्वयंपाक सांभाळत होत्या. उपाशी, आजारी अवस्थेत आणलेल्या मुलींना दिवसाला आकार देणारा हा क्रम होता, आणि जागृतीच्या काळापेक्षा त्याचेच परिणाम अधिक टिकले, असे मानायला जागा आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतरही याच हेतूचे होते : खेड्यातल्या, अल्पशिक्षित बाईला ते स्वतः वाचता यावे. मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

वसईच्या कॅथलिक समाजाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिथे धर्मांतराची फूट पोर्तुगीज काळातच, सोळाव्या शतकात, होऊन गेली होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतरही हा समाज तिथेच शेती, बागायती आणि मासेमारी करत राहिला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असल्यामुळे समजणारी उपासना घरातच होत असे : संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून म्हटलेली जपमाळ आणि आळीच्या क्रुसापुढची प्रार्थना. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली. त्याआधीच १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'सुवार्ता' मासिकाने मराठी वाचनाची सवय लावली होती. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच वाटेवरचे पुढचे काम; २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

गेल्या काही दशकांत शहरी मंडळ्यांमध्ये हिंदी कोरस आणि इंग्रजीवरून उतरवलेली दैनिक मनने वाढली आहेत. त्यांचा जोर यश, आरोग्य आणि प्रगती यांच्या आश्वासनांवर असतो. टिळकांच्या अभंगांतला रुसवा किंवा लक्ष्मीबाईंचा मिस्कीलपणा त्यांत क्वचितच आढळतो. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. रोजगार आणि शिक्षणाच्या या अडचणींबद्दल अशी तयार मनने जवळजवळ काहीच बोलत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र मयताच्या घरी जमलेली मंडळी आजही पेटी-तबल्यावर सांगळ्यांची आणि टिळकांची पदे धरते, आणि पुस्तक न उघडता निम्मी अधिक गीते म्हणू शकणाऱ्या आज्या तिथे अजून भेटतात.