दक्षिणी कोबी, सॉसेज आणि कोळंबी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः लुइझियाना आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, घरोघरी होणारा एका तव्यातला पदार्थ. जाड चिरलेला कोबी, धुरी दिलेले डुकराचे सॉसेज आणि कोळंबी एकाच खोलगट बिडाच्या तव्यात पाठोपाठ परततात. वरून रस्सा किंवा पाणी फारसे घालत नाहीत. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. ते आणि सॉसेजला सुटलेली चरबी एवढ्यावर काम भागते.

कोबी युरोपीय वसाहतकारांबरोबर अमेरिकेत आला. भाजीला धुरी दिलेल्या मांसाची चव लावण्याची रीत मात्र प्रामुख्याने आफ्रिकन-अमेरिकन स्वयंपाकघरांतून रुजली. गुलामगिरीच्या काळात वाट्याला येणारे पायाचे तुकडे आणि खारवलेली चरबी पालेभाजीत टाकून अख्खे भांडे चवदार केले जाई. भाजीत मूठभर सोडे टाकणाऱ्या कोकणातल्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. लुइझियानात 1 जानेवारीला चवळी आणि कोबी खाणे शुभ मानतात. कोबीची पाने म्हणजे नोटा, अशी समजूत.

सॉसेज बहुधा अँडूई असते. नाव फ्रेंच, पण फ्रान्समधले अँडूई मुख्यतः आतड्यांचे, तर लुइझियानातले खांद्याच्या मांसाचे जाडसर तुकडे लसूण-मिऱ्यांसह भरून, पिकानसारख्या (अक्रोडाच्या जातीचे झाड) लाकडावर बराच वेळ धुरावलेले. न्यू ऑर्लीन्सच्या पश्चिमेचे लाप्लास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. मिसिसिपी नदीकाठच्या या पट्ट्यात 1720च्या दशकात जर्मन कुटुंबे येऊन वसली होती. अँडूई न मिळाल्यास पोलिश पद्धतीचे किलबासा चालते. गोव्याचे ‘चोरीस’ सॉसेज वापरले तर व्हिनेगरमुळे चव आंबट-तिखटाकडे झुकते आणि पदार्थ वेगळाच होतो. वाईट होतो असे नाही.

कृतीत खरे कसब क्रमाचे. चार माणसांसाठी किलोभर कोबी, साधारण 350 ग्रॅम सॉसेज आणि 400 ग्रॅम सोललेली कोळंबी पुरते. आधी सॉसेजच्या चकत्या तांबूस करून बाजूला काढतात. त्याच चरबीत मसाला चोळलेली, नीट कोरडी केलेली कोळंबी प्रत्येक बाजूने जेमतेम मिनिटभर परततात आणि अर्धवट वळताच तीही काढून घेतात. मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या त्रिकुटाला लुइझियानात ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. पाठोपाठ लसूण, पॅप्रिका, केयेन मिरची, थाइम आणि शेवटी कोबी. तो एकदम न ओतता दोन हप्त्यांत घालावा, नाहीतर तवा थंड पडतो आणि कोबी परतण्याऐवजी नुसता वाफवतो. जाड बीड उष्णता धरून ठेवते, म्हणूनच दक्षिणेत या तव्याला मान. टेनेसीतील ‘लॉज’ हा कारखाना 1896पासून ते बनवतो.

मीठ शेवटी. सॉसेज आणि तयार क्रिओल मसाला (लुइझियानातले मसाल्यांचे मिश्रण) दोन्ही खारट असतात, शिवाय लवकर घातलेल्या मिठाने कोबीला पाणी सुटते. कडा करपून गोडसर झाल्या की थोडे व्हिनेगर शिंपडून सॉसेज आणि कोळंबी परत तव्यात घालतात; कोळंबीचे उरलेले शिजणे त्या वाफेवर पुरे होते.

कोबी किती शिजवावा यावर एकमत नाही. जुन्या घरांत तो झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास, अगदी मऊ होईपर्यंत शिजतो. नव्या पाककृती दहा-पंधरा मिनिटांत कुरकुरीत ठेवतात. मऊ कोबीत धुराची चव जास्त मुरते, पण फार ताणले की गंधकाचा उग्र वास येतो. सोबत कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड) किंवा भात असतो. उरलेला कोबी दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. कोळंबी मात्र पुन्हा तापवली की चिवट होते, म्हणून ती आधी वेचून खाऊन टाकणारे शहाणे.