भोपळा कोरण्याआधी पोखरायचा कशाने?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : हॅलोवीन, ऑक्टोबर २०२६

ऑक्टोबर उजाडला की आमच्या म्हापशाच्या काउंटरवर रोज कोणीतरी विचारतेच, "भोपळा कोरायचा सेट आहे का?" विचारणाऱ्यांत हणजूण, वागातोर, कांदोळीकडचे हॉटेलवाले असतात, नव्याने कॅफे थाटलेली मंडळी असतात आणि शाळेतल्या स्पर्धेसाठी मुलाने ऐनवेळी घोड्यावर बसवलेले आईबाबाही असतात. सेट आहे. पण तो खोक्यातून काढण्याआधी आम्ही उलट विचारतो : भोपळा कुठला?

कारण बाजारातले बहुतेक सेट आपल्या भोपळ्यासाठी बनलेलेच नसतात. अमेरिकेत हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री, चेहरा कोरून आत दिवा ठेवतात तो भोपळा मुद्दाम त्याच कामासाठी लावलेला असतो. त्याची भिंत पातळ, आत मोठी पोकळी, गर धागेदार आणि चवीला बेताचा. आपला तांबडा भोपळा खाण्यासाठी पिकवलेला. गर दोन-दोन इंच जाड, घट्ट, पोकळी मात्र लहान. पिकून जून झालेल्या भोपळ्याची साल तर सुरीला दाद देत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमधले लोक पूर्वी सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला आणि काम सोपे झाले. कष्टाच्या हिशेबाने आपला भोपळा अजून त्या जुन्या सलगमाच्याच पंगतीत बसतो.

म्हणून आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पोखरणे हे एक काम नाही, दोन आहेत. बिया आणि त्यांची जाळी काढणे हे पहिले. ते कोणत्याही दणकट चमच्याने होते. आतली भिंत खरवडून पातळ करणे हे दुसरे, आणि घाम काढते ते हेच. सेटमधला प्लास्टिकचा स्कूप पहिल्या कामापुरता असतो. दुसऱ्या कामाला लावलात की मानेतून मोडतो आणि मग गिऱ्हाईक भोपळ्याला शिव्या घालत परत येते.

पहिला काप

अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावायची, असा रिवाज आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. तो पाळायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की सगळ्यात जास्त बोटे कापतात ती याच कापाला, तेव्हा जो कोणी लावेल त्याने घाई करू नये.

कोयता नको. कोयता भोपळा फोडतो, कापत नाही. एक घाव बसला की चीर सालीवरून कुठवर धावेल याचा नेम नाही. रुंद पात्याची भाजीची सुरीही नको, ती घट्ट गरात अडकते आणि ओढून काढताना हात घसरतो. अरुंद, ताठ पात्याची सुरी घ्या, किंवा त्याहून चांगली म्हणजे जिप्समचे छत करणारे कारागीर वापरतात ती टोकदार लहान करवत. टोक आत खुपसायचे आणि न दाबता पुढे-मागे ओढत जायचे. करवत सालीवर घसरत नाही, हा तिचा मोठा गुण. ही करवत आमच्याकडे हार्डवेअरच्या बाजूला टांगलेली असते, किचनच्या बाजूला शोधू नका.

झाकण कापताना पाते तिरपे धरा, टोक भोपळ्याच्या मध्याकडे. सरळ उभे कापलेत तर झाकण परत ठेवताना आत पडते. एका जागी लहानशी खाच ठेवा, म्हणजे झाकण कसे बसवायचे ते कळते. आत विजेचा दिवा ठेवणार असाल तर वरून कापूच नका, बुडाला भोक पाडा. देठ शाबूत राहतो, भोपळा दिव्यावर टोपीसारखा बसतो आणि आतला ओलावा तळाशी साचत नाही.

स्कूप घेताना

लोक स्कूपचा आकार बघतात. आम्ही म्हणू, कड आणि मान बघा. कड पातळ हवी, अंगठा फिरवल्यावर किंचित बोचली पाहिजे. जाड, गोल कडेचा स्कूप गरावरून नुसता फिरतो. मान म्हणजे वाटी आणि दांडा जुळतो ती जागा. तिथे नुसता डाग दिलेला असेल तर दुसऱ्या भोपळ्यापर्यंतही टिकणार नाही. एकाच जाड पत्र्यातून काढलेला किंवा ओतीव स्कूप घ्या. दुकानात काउंटरवर टेकवून जोर लावून बघा, वाकला तर आमचा गेला, आम्ही हरकत घेणार नाही.

आइस्क्रीमचा खटका असलेला स्कूप या कामाला अजिबात घेऊ नका. त्यातली सरकती पट्टी मऊ आइस्क्रीमसाठी असते, भोपळ्यात तिचे दाते सरकतात. खटका नसलेला, भरीव दांड्याचा असेल तर चालेल. आणि घरात जुना जाड पितळी किंवा स्टीलचा डाव पडला असेल तर नवा स्कूप घेऊच नका. डावाची एक बाजू कानशीवर दोन-चार वेळा ओढली की झाले. कानस नसेल तर डाव घेऊन या, घासून देऊ.

खवणी : गोव्यातल्या घरात आधीच असलेले हत्यार

भिंत पातळ करायला आम्हाला सगळ्यात पसंत पडलेली वस्तू म्हणजे नारळ खवायची हातखवणी. आदोळी, म्हणजे बसून वापरायची विळी नव्हे, तिच्यावर भोपळा धरून बसता येणार नाही. टेबलाला स्क्रूने बसवायची आणि दांडा फिरवायची खवणीही नव्हे. हातात धरायची, पुढे वाकडे दातेरी पान असलेली. तिचे दाते घट्ट गराला धरतात, जिथे स्कूप घसरतो तिथे ती ओढत जाते. पान वाकडे असल्यामुळे भोपळ्याच्या आतल्या गोलाईला बरोबर बसते.

वापरायची रीत अशी. जमिनीवर गोणपाट पसरा, त्यावर भोपळा आडवा, तोंड तुमच्याकडे. मांड्यांमध्ये धरलात तरी हरकत नाही, पण मग खवणी अंगाकडे ओढताना जोर बेताचा. बुडापासून तोंडाकडे लांब, हलके ओढे घ्या. एका जागी उकरत बसू नका, खड्डा पडतो आणि नंतर तिथूनच भिंत खचते. जो चेहरा कोरायचा असेल त्या बाजूला जास्त खरवडा, पाठ आणि बूड जाडच राहू द्या, त्याने भोपळा उभा राहतो. भिंत पातळ होत गेली की खरवडण्याचा आवाज बदलतो, घट्ट खरखर जाऊन पोकळ वाजू लागतो. कान त्याकडे ठेवा.

आणि खवणीतून पडतो तो बारीक कीस. गूळ घालून शिजवा, पीठ मळा, घारगे करा. स्कूपने निघालेले मोठे तुकडे खतखत्यात, म्हणजे आपल्या मिश्र भाज्यांच्या कालवणात जातात. हॉटेलवाल्यांनो, हे तुम्हालाही सांगतो आहोत, गर फेकू नका. मात्र खायचा गर स्वच्छ हातांनी, स्वच्छ भांड्यात, रंग आणि धुण्याची औषधे लागण्याआधीच काढा.

खवणीला एकच मर्यादा आहे. कोपरे आणि कडा तिला साधत नाहीत. तिथे मूर्तिकारांची तारेची हत्यारे उपयोगी पडतात. चतुर्थीआधी गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळांसाठी आम्ही ती मागवतो आणि त्यातली थोडी शिल्लक असतात. बारीक गोल तारेची घेऊ नका, ती मातीसाठी असते, भोपळ्यात वाकते. चपट्या पट्टीची घ्या.

ड्रिलला लावायचे पाते

परदेशी व्हिडिओ बघून हे मागायला येणारे वाढले आहेत. ड्रिलच्या टोकाला वाकडी पट्टी, ती फिरून आतली जाळी सोडवते. एक-दोन भोपळ्यांसाठी याची गरज नाही. हॉटेलात पंधरा-वीस भोपळे एका दुपारी करायचे असतील तर घ्या, पण ते जाळी सोडवते, आपल्या भोपळ्याचा गर पातळ करत नाही. त्यासाठी शेवटी खवणीच. ड्रिल बॅटरीचे हवे. ओले हात, भोपळ्याचे पाणी आणि भिंतीतल्या प्लगची वायर हा मेळ नको. वेग अगदी कमी ठेवा आणि भोपळा घमेल्यात टेकवून दुसऱ्या माणसाला धरायला सांगा.

स्टील कोणते?

समुद्राच्या हवेत लोखंड राहत नाही, हे गोव्यात कोणाला शिकवायला नको. लोखंडी करवत वापरून झाल्यावर पुसून खोबरेल लावा, नाहीतर पुढच्या वर्षी नवी घ्यावी लागेल. स्टेनलेसमध्ये मात्र फसगत होते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे बरेच गिऱ्हाईक सांगतात आणि खिशातून चुंबकच काढतात. ३०४ ग्रेडला सहसा चुंबक धरत नाही हे खरे, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. पण स्वस्त २०२ ग्रेडलाही तो धरत नाही, आणि खाऱ्या हवेत डाग आधी पडतात ते २०२ वर. उलट सुरीच्या चांगल्या पात्याला चुंबक चिकटतो, कारण धार टिकवणारे ४२० सारखे स्टील तसेच असते. स्कूप, डाव ३०४ चा, सुरी ४२० ची, असे धरून चला. ग्रेड पाकिटावर नसेल तर विचारा. आम्हाला माहीत नसेल तर तसे सांगू.

मूठ रबरी किंवा खडबडीत प्लास्टिकची घ्या. भोपळ्याचा चीक हाताला लागून वाळला की कातडी ताणल्यासारखी होते, काहींना खाजही सुटते, आणि गुळगुळीत मूठ त्या चिकाने निसटते. फणस कापताना लावतो तसे खोबरेल हाताला आधी चोळा, पण मूठ कोरडी ठेवा. कापण्यापासून वाचवणारे विणलेले हातमोजे आमच्याकडे आहेत. ते पाते घासले तर वाचवतात, टोक खुपसले तर नाही. मुलांना स्कूप आणि खवणी द्या, सुरी-करवत मोठ्यांनीच धरा.

किती पातळ?

कोरायच्या बाजूला साधारण एक इंच भिंत ठेवावी. त्याहून जाड राहिली तर कोरताना करवत अडते आणि आतला उजेड नीट बाहेर पडत नाही, फार पातळ केली तर उन्हाळ्यासारख्या ऑक्टोबरात एका दिवसात चेहरा सुकून आत वळतो. मापाला दाभण पुरते. टोकापासून एक इंचावर दोरा बांधा आणि जिथे डोळा किंवा तोंड कापून काढणार असाल तिथेच टोचून बघा, म्हणजे भोक राहत नाही. दुसरी खूण : खोलीत अंधार करून आत मोबाईलचा टॉर्च लावा. जिथे काळपट दिसते तिथे अजून गर आहे.

आत जाळीचा एकही धागा ठेवू नका, बुरशी तिथून सुरू होते. पोखरून झाल्यावर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधे ब्लीच घालून आतून पुसा, मग कोरड्या फडक्याने टिपा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. कापलेल्या कडांना थोडे व्हॅसलीन लावले तर त्या उशिरा सुकतात. इतके करूनही आपल्या दमट हवेत कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांपलीकडे धरू नका. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने राहतो, पोखरलेला नाही. म्हणून भोपळा लवकर आणा, सुरी उशिरा लावा. दिवा बॅटरीचा चांगला. पणती ठेवलीत तर झाकणाला धुराचे भोक पाडा, नाहीतर झाकण आतून शिजते.

यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे आणि दिवाळी नोव्हेंबरात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, एकीकडे नरकासुराचे पुतळे आणि दुसरीकडे भोपळे, दोन्हींचे सामान एकाच काउंटरवरून जात होते. यंदा तशी झुंबड नसेल. पण आदला दिवस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा. भोपळा त्या दिवशी निवडून घ्यायला सोपा पडेल : बूड सपाट, देठ वाळलेला पण घट्ट, सालीवर नख रुतत नाही असा. एका मापाच्या दोन भोपळ्यांतला कोरायला हलका घ्या, त्यात पोकळी मोठी असते. खायला मात्र जड घ्या.

मोडलेला स्कूप आठ दिवसांत बिलासह आणला तर बदलून मिळेल, प्लास्टिकचे सेट सोडून. सुरीला धार आणि डावाला कानस दुकानातच लावून देतो. शुक्रवारी गर्दीत ते जमत नाही, तेव्हा हत्यार घेऊन गुरुवारपर्यंत या.