सीजीपीए ७.४ म्हणजे जीपीए किती?

चतुर्थीला फोंड्याची भाची घरी आली होती. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून झाल्यावर कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, माझा जीपीए २.९६ होतो. अमेरिकेतल्या विद्यापीठात तीन मागतात. फॉर्म राहू दे."

तिचा सीजीपीए, म्हणजे आपल्याकडची दहापैकी गुणसरासरी, ७.४. अमेरिकेतला जीपीए चारपैकी. म्हणून दहाने भागून चारने गुणले की २.९६ येतात, हिशेब बरोबरच होता. पण तो करायचाच नव्हता.

नावे सारखी म्हणून हा घोटाळा होतो. सरासरीची रीतही दोन्हीकडे एकच: विषयाचा अंक गुणिले क्रेडिट (म्हणजे त्या विषयाचे वजन), सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. फरक आहे तो पायऱ्यांत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा अंकी श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि काठावर पास झालेला पी ४. अमेरिकेत नेहमीच्या मापाने ए ला ४, ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३, बी ला ३, सी ला २, डी ला १.

आता भाचीच्या मार्कलिस्टमधला एकच बी प्लस घ्या. आपले ७ गुणिले ०.४ म्हणजे २.८. तिकडच्या बी प्लसला मात्र ३.३. आपला ए या सूत्राने ३.२ वर येतो, तिकडचा ए पुरा ४. उलट आपला काठावरचा पी १.६ होऊन बसतो आणि त्यांच्या काठावरच्या डी ला १ च. चांगल्याला खाली ओढणारे आणि काठावरच्याला वर चढवणारे हे सूत्र कोणी काढले देव जाणे. म्हणून अक्षराला अक्षर जोडा असेही मी म्हणणार नाही. आपल्या ए च्या वर अजून दोन पायऱ्या आहेत. तिकडे ए च्या वर असलाच तर ए प्लस, आणि त्यालाही बऱ्याच ठिकाणी ४ च.

खरी गोम आहे मार्क देण्याच्या सवयीत. गोव्यात त्याचा दाखला घरातल्या जुन्या कपाटातही सापडतो. आजोबा पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकले. पोर्तुगीज पद्धतीत मार्क वीसपैकी, पास दहाला, आणि चौदा म्हणजे पोरगा चांगला. टक्क्यांत मांडा, सत्तर! पुढे १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली. तेव्हा साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे. त्याच साठ टक्क्यांचे सरळ गणित केले तर २.४, म्हणजे अमेरिकेतल्या सी प्लसच्या आसपास. पेढे खाल्लेल्या माणसाला हे सांगून बघा.

रूपांतर करायचेच असेल तर ते वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यांकन संस्थांकडून होते. त्या आधी विषयवार श्रेणी लावतात, मग जीपीए काढतात. त्यांचे अहवाल दोन प्रकारचे, आणि इथेही मुले फसतात. स्वस्त असतो तो दस्तऐवजनिहाय. त्यात तुमची पदवी तिकडच्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची एवढेच कळते. जीपीए विषयनिहाय अहवालातच मिळतो. विद्यापीठाने काय मागितले आहे ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पण अनेक विद्यापीठांना तुम्ही केलेले रूपांतर नकोच असते. गुण आपल्याच मापात लिहा, असे ती सूचनांतच सांगतात. भाचीच्या फॉर्मवर ती ओळ होती. घाईत तिने वाचलीच नव्हती. खाली 'कमाल अंक' असा रकानाही होता. तिथे १० लिहिले आणि वरच्या चौकोनात ७.४.

आता ताळगावच्या पठारावर जाऊन गोवा विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) आणायचे आहे, सुट्ट्या संपल्या की.