पोटातली नळी आणि मामीची पेज

मामांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, आणि घरात कॅन्सर ऐकून जेवढे रडले नाहीत तेवढे सगळे पोटात अन्न सोडायच्या नळीचं नाव ऐकून रडले. फोंड्याच्या आमच्या घरात नळी म्हणजे माणूस संपत आला असंच सगळ्यांच्या डोक्यात, मामी तर डॉक्टरांना हात जोडून म्हणाली, "मी चमच्याने पेज भरवीन, पण नळी नको." ही समजूत अगदी उलटी आहे आणि ती माणसाला महागात पडते, म्हणून हे लिहितोय.

घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, देतात तो बहुतेक वेळा सहा-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटून निघतं, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं, आणि वजन उतरायला लागतं. शेक देताना चेहऱ्यावर मापाचा मास्क बसवतात ना, वजन उतरलं की तोच सैल होतो आणि नेम चुकायची भीती. मध्येच ट्रीटमेंट थांबवली तर गाठीला सवड मिळते. म्हणजे खाणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, तोंडाने जमो की न जमो.

थोड्या दिवसांसाठी नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब पुरते. जॉन राईल या इंग्लंडच्या डॉक्टरने ती १९२१ मध्ये मांडली. माप पेशंटच्या अंगावरच घेतात, नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. नळी जठरातच पोचली का हे बघायला हवा मारून स्टेथोस्कोपने ऐकण्यावर विसंबू नये, नळी फुफ्फुसात गेलेली असू शकते, शंका असेल तर एक्स-रेच हवा.

पण महिना-दीड महिन्याच्या वर काम असेल तर पेग बरी, म्हणजे सरळ पोटातून जठरात नळी. अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी १९७९ मध्ये ती पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला बसवली. तोंडातून दुर्बीण जठरात नेतात, हवा भरतात, खोलीतला लाईट कमी करतात, आणि पोटाच्या कातडीवर आतला उजेड लालसर दिसतो. तिथे बोट दाबलं की आत फुगवटा दिसतो, म्हणजे मध्ये आतडं नाही. मग तिथून सुई, सुईतून दोरा, तो दोरा दुर्बिणीने धरून तोंडातून बाहेर काढायचा, त्याला नळी बांधायची आणि पोटाकडून ओढायची, नळी तोंडातून उतरून पोटातून बाहेर येते, आतली चकती जठराला टेकून राहते.

मामांची पेग हेड-नेक सर्जनने, म्हणजे तोंड-घशाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने, बसवली. आता हे त्यांनी का करावं? कारण घसा तपासायला, बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला, घ्यायला भूल द्यावी लागतेच, मामांची नळी त्याच भुलीत बसली. गाठीने घसा अरुंद झालेला असतो, वाट कुठून आहे ते त्यांना ठाऊक असतं, आणि श्वास अडकला तर गळ्यातून श्वासाची वाट करायला तेच उभे असतात. एक धोका मात्र खरा, नळी गाठीला घासून खाली जाते त्यामुळे क्वचित कॅन्सरच्या पेशी पोटाच्या भोकाशी रुजतात, म्हणून काही पेशंटना तोंडातून न ओढता बाहेरूनच नळी घालतात.

घरी आल्यावर पेजेचाच प्रश्न आला. उकड्या तांदळाची घट्ट पेज नळीत अडकते, आणि गाळून पातळ केली तर राहतं नुसतं पाणी, ताकद शून्य. आहारतज्ज्ञांनी सांगितलं तसं मामी डाळ, दूध, चमचाभर तेल मिक्सरला फिरवून दोनदा गाळायला लागली, आधी-नंतर साधं पाणी सोडायची, आणि मामांना तासभर बसवूनच ठेवायची. नळी निसटली तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं, भोक काही तासांतच आकसायला लागतं, आणि पहिल्या काही आठवड्यांत घरी परत घालायला जायचं नाही, वाट पक्की झालेली नसते, नळी भलतीकडेच जाऊ शकते.

नळी आहे म्हणून गिळणं सोडायचं नाही हे तर सर्जनने तीनदा बजावलं, वापर थांबला की घशाचे स्नायू ढिले पडतात. डॉक्टर सुरक्षित म्हणतील तेवढे घोट रोज घ्यायचे. मामा रोज सकाळी पाण्याचे पाच घोट मोजून घ्यायचे, दुखायचं तरी. शेक संपल्यावर तिसऱ्या महिन्यात मऊ शीत खाल्लं, तरी वजन टिकतंय याची खात्री होईपर्यंत नळी ठेवलीच. काढली तेव्हा टाकेसुद्धा घातले नाहीत, भोक आपोआप मिटत आलं, आणि दोन दिवसांनी मामीने पट्टी सोडली तर ती कोरडी होती.