उष्ण वाळवंटी गृहरचना
उष्ण वाळवंटी गृहरचना : वर्षाला सु. २५० मिमी.हून कमी पाऊस, प्रखर ऊन व दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असलेल्या प्रदेशात कमीत कमी वीज वा इंधन खर्चून घर राहण्याजोगे ठेवण्याची पद्धती. जाड भिंती, लहान खिडक्या, आतला चौक व एकमेकांवर सावली धरणारी दाट घरे ही तिची परिचित लक्षणे जैसलमेरच्या हवेल्यांत दिसतात. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते.

छतावरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणाऱ्या वातमनोऱ्याचा उगम वादग्रस्त आहे. ईजिप्तमध्ये थीब्झ येथील नेबामूनच्या थडग्यातील चित्रात (बहुधा इ. स. पू. चौदावे-तेरावे शतक) छपरावर दोन त्रिकोणी उंचवटे आढळतात. एक वाऱ्याच्या दिशेला, दुसरा उष्ण हवा बाहेर काढण्यासाठी विरुद्ध दिशेला, असा त्यांचा अर्थ वास्तुविशारद हसन फाथी (१९००–८९) यांनी लावला. तो ग्राह्य वाटतो. मात्र एका चित्रावरून वातमनोरा प्रथम ईजिप्तमध्येच झाला असे ठरवणे धाडसाचे होईल. इराणला मूळस्थान मानणारा पक्षही प्रबळ आहे. पण तेथील याझ्द शहराच्या दौलताबाद बागेतील सु. ३३ मी. उंच मनोरा अठराव्या शतकातला, म्हणजे बराच अलीकडचा. दोन्हीकडे स्वतंत्र विकास झाला असणे अधिक संभवनीय. सिंधमधील हैदराबादच्या छपरांवरही एकोणिसाव्या शतकात असे वातग्राहक होते.

ही पद्धती नागपुरासारख्या ठिकाणी वापरताना तारतम्य हवे. नागपूर वाळवंट नव्हे. येथे हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि हवामान ‘संमिश्र’ गटात मोडते. एप्रिल-मे मात्र वाळवंटाइतके कोरडे. २३ मे २०१३ रोजी ४७.९° से. तापमान नोंदले गेले. म्हणून वाळवंटी आराखडा जसाच्या तसा उचलू नये. लहान खिडक्यांचे घर श्रावणात कोंदट होते. सु. २१° उत्तर अक्षांशामुळे मेअखेर मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम लागते. खरा मारा छत आणि पश्चिमेची भिंत यांवर होतो. पैसा थोडा असेल तर तो आधी येथेच खर्चावा. उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. स्लॅबच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक थर व त्यावर चुन्याचा पांढरा लेप दिल्यास मोठा फरक पडतो. निवासी इमारतींसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जासंवर्धन नियमावलीने, म्हणजे इको निवास संहितेने (२०१८), छताचे उष्णतापारगमन (छतातून आत झिरपणाऱ्या उष्णतेचे माप) प्रति चौ. मी. प्रति केल्व्हिन १.२ वॉटपर्यंत मर्यादित केले आहे.

कूलरच्या ताट्या, मग त्या वाळ्याच्या असोत वा वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या), बाष्पीभवनाने हवा थंड करतात. ४५° से. तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना हवा अशी थंड होण्याची खालची मर्यादा सु. २३° से. असते. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल खोलीतच साचते. पाऊस लागला की पंप बंद करून कूलरचा नुसता पंखा चालवतात.