तोक्तोगुल जलाशय परिसर

किर्गिझस्तानच्या पश्चिम भागात, तिएन शानच्या रांगांनी वेढलेल्या केतमेन-त्योबे खोऱ्यातील प्रदेश. नारिन नदीवरील धरणाने १९७०च्या दशकात त्याचे रूप पालटले. जलाशयाला किर्गिझ शाहीर तोक्तोगुल सातिलगानोव (१८६४–१९३३) यांचे नाव आहे.

सभोवतालच्या रांगा बाष्प अडवतात, त्यामुळे खोऱ्यात पाऊस तुटपुंजा पडतो. तांबड्या-पिवळसर मातकट थरांच्या टेकड्या घळींनी चिरलेल्या आहेत. वसंतात त्यांच्यावर गवत उगवते आणि उन्हाळा चढताच करपते. झाडी दिसते ती ओढ्यांच्या कडेने आणि पाटाचे पाणी पोहोचते तिथे. उत्तरेकडील चिचकान दरीत वर चढत गेल्यावर मात्र सूचिपर्णी वृक्ष लागतात. अशा उघड्या मुलखातले निळे-हिरवे पाणी पाहून सरोवर नैसर्गिकच वाटावे; काठचा ओसाड पट्टा तो समज टिकू देत नाही.

परिसराची खरी ओळख हा पट्टाच आहे. २१५ मीटर उंचीच्या काँक्रीट धरणामागे पूर्ण भरल्यावर १९.५ घन किलोमीटर (सुमारे ६९० टीएमसी) पाणी साठते आणि ते २८४ चौरस किलोमीटरवर पसरते. बर्फ वितळल्याने उन्हाळ्यात पातळी चढते, हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी पाणी सोडल्याने उतरते आणि वसंताच्या सुरुवातीला तळाशी जाते. कधी बुडालेल्या, कधी उघड्या पडणाऱ्या या उतारावर कायमची वनस्पती तग धरत नाही. चिखल वाळतो, भेगाळतो, पुन्हा पाण्याखाली जातो.

सोव्हिएत काळात पाणी मुख्यतः उन्हाळ्यात, खालच्या उझबेक व कझाक शेतीसाठी सुटत असे. १९९१नंतर किर्गिझस्तानला हिवाळ्यातील विजेची निकड भासू लागली आणि वेळापत्रक उलटले. नारिन ज्या नदीचा मुख्य शीर्षप्रवाह आहे, त्या सिर दर्याविषयीच्या १९९८च्या करारात उन्हाळी पाण्याच्या बदल्यात इंधन, अशी तडजोड ठरली. तिची अंमलबजावणी रखडतच झाली.

खोऱ्यातील जुनी गावे आणि दफनटेकड्या पाण्याखाली गेल्या; काही टेकड्यांचे उत्खनन आधी उरकण्यात आले. बिश्केक–ओश महामार्ग आता जलाशयाला लांबलचक वळसा घालतो. धरणाच्या कामगारांसाठी कारा-क्योल हे शहर वसवले गेले.

वरच्या अंगाला कंबाराता-१ हे मोठे धरण नियोजित आहे. ते झाले, तर हिवाळी विजेसाठी तिथून सोडलेले पाणी तोक्तोगुलमध्ये साठवून उन्हाळ्यात शेतीला देता येईल.