मागच्या बारा महिन्यांची बेरीज आली कुठून

सोलापुरात चादरी-टॉवेलवाल्यांच्या सेल्स रिपोर्टमध्ये हल्ली 'लास्ट ट्वेल्व्ह मंथ्स'चा, म्हणजे दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांच्या बेरजेचा कॉलम सर्रास असतो, पण ही युक्ती कॉम्प्युटरच्या लय आधीची आहे. इंग्लंडात 1836 ला चर्चला धान्यात द्यायचा दशांश पैशात घ्यायचं ठरलं आणि तो आकडा गहू, बार्ली, ओट्सच्या मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बांधला, म्हणजे दरवर्षी जुनं वर्ष गळायचं नि नवं आत यायचं. पुढे 1931 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञानं हंगामाचा परिणाम वेगळा काढायला बारा महिन्यांची सरकती सरासरी वापरली. बाराच का, तर कुठलेही सलग बारा महिने घ्या, प्रत्येक महिना एकदाच येतो, मग थंडीतला चादरीचा सीझन आपोआप बरोबरीत सुटतो.

हातानं हिशोब व्हायचा तेव्हा दरवेळी बारा आकडे मिळवत कोण बसणार, मागच्या बेरजेत नवा महिना मिळवायचा, गेल्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा, झालं. एकदा चुकलं की ती चूक पुढं चालतच राहायची म्हणा.

आपल्याकडे बऱ्याच व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं. 1989-90 च्या असेसमेंट वर्षापासून इन्कम टॅक्ससाठी सगळ्यांना एप्रिल-मार्च सक्तीचं झालं. आता एप्रिलपासूनची बेरीज मे महिन्यात बघून धंद्याचं काय कळणार, म्हणून मागचे बारा महिने.

1979 ला व्हिसिकॅल्क हे कॉम्प्युटरवरचं स्प्रेडशीट आलं, मग एक्सेल, आणि 2003 च्या एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) स्टँडर्डमध्ये विंडो फंक्शन्स, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी आसपासच्या ओळींची बेरीज-सरासरी काढायची सोय. तिथं एक गोम आहे, 'ROWS' (ओळी) लिहून बारा सांगितलं की ते बारा ओळी मोजतं, महिने नाही. एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे ज्याचं एकही बिल फाटलं नाही त्याच्या डेटात ती ओळच नाही, मग बेरजेत गुपचूप तेरावा महिना घुसतो, त्यामुळे आधी कॅलेंडर टेबल, म्हणजे सगळ्या महिन्यांची यादी जोडून तिथं शून्य भरावं लागतं.

पण मला विचाराल तर खरी पंचाईत अधिक मासाची. 2022 ला लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला, 2023 ला 12 नोव्हेंबरला. ऑक्टोबर 2023 अखेरच्या बारा महिन्यांत लक्ष्मीपूजन एकदाही नाही, मग आलेख खाली आला की मालक सेल्समनवर उखडणारच ना! तुलना करायचीच तर डिसेंबरअखेरचे आकडे घ्या, त्यात दिवाळी दरवर्षी एकदाच येते.